कागदाला नवं

कार्तिकात दहिवलीच्या खाचरांतले भात कापून झाले, की सकाळी माझ्या ओसरीवर एक वास येतो. ओल्या पेंढ्याचा, दवाने भिजलेल्या शेणाचा आणि त्या दोहोंखाली कुठेतरी धुराचा. नदीपलीकडच्या कर्जत स्टेशनात विजेची इंजिने आल्यापासून कोळशाचा धूर कमी झाला. तेव्हापासून हा दुसरा, डोंगराकडून येणारा धूर मला निराळा ओळखता येतो. तो आला की माझा हात आपोआप दौतीकडे जातो. गेली सात वर्षे याच आठवड्यात मी एक पत्र लिहीत आलो आहे. या वर्षी ते लिहायचे नाही, असे ठरले आहे. ठरवणारा मी नव्हे. हात मोकळा राहिला, म्हणून हा लेख.

मी वकील नाही. हे आरंभीच लिहून ठेवतो, कारण सबंध खालापूर महालात मला वकील म्हणतात आणि मी अठ्ठावीस वर्षे तो समज दुरुस्त करीत आलो आहे. मी अर्जनवीस. खालापूरला महालकऱ्यांच्या कचेरीसमोर चिंचेखाली माझी बैठक असे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या तक्रारी, कबुलायती, दानपत्रे मी लिहून देई. उरलेल्या वेळात माझ्या स्वतःच्या तक्रारी लिही. लोधिवलीजवळच्या मोरीचा कठडा ढासळला, त्याबद्दल लोकल बोर्डास अकरा पत्रे. टपालपेटीचे झाकण गंजून पावसाचे पाणी आत जाते, त्याबद्दल टपालखात्यास सहा. त्यांतली दोन त्याच पेटीत टाकल्यामुळे भिजली, हा पुरावा मी सहाव्या पत्रासोबत जोडला. उत्तरे सगळी एकाच घाण्यातून निघालेली. ‘आपले पत्र पोहोचले. नियमानुसार योग्य ती तजवीज होईल.’ नियमानुसार हा शब्द ज्याने पहिल्यांदा कागदावर आणला त्याला समोर उभा करून चार प्रश्न विचारावेत, अशी माझी फार इच्छा आहे. राग हा माझा दोष, असे घरात म्हणतात. माझ्या मते तो माझा धंदा होता. ज्यांना रागावण्याची सोय नव्हती त्यांच्या वतीने मी कागदावर रागावत असे.

परंतु या लेखातला राग निराळा आहे. तो ज्याच्यावर आहे त्याला मी आजवर एकही पत्र लिहिलेले नाही, कारण त्याचा पत्ता माझाच आहे.

सात वर्षांपूर्वी चैत्रात विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे एक छापील पत्रक कचेऱ्यांतून आणि शाळांतून फिरले. ग्रंथालयाचे नाव देत नाही. आमचा पत्रव्यवहार अद्याप संपलेला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून जुने हस्तलिखित कागद, पोथ्या, बाडे, गाण्यांच्या वह्या गोळा करून जतन करायच्या, विद्यार्थ्यांकडून त्यांच्या नकला करवून घ्यायच्या, कोणत्या गावातून काय मिळाले याचा एक मोठा नकाशा रंगवायचा आणि देणाऱ्यांची नावे यादीत छापायची, असा तो उपक्रम. खाली सही सहग्रंथपाल मोकाशी यांची. पत्रकातली भाषा स्वच्छ होती. एकही वाक्य अडखळत नव्हते. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला, आणि यादीत आपले नाव छापून यावे, असेही वाटले. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त वाटली. ती इथे लपवण्यात अर्थ नाही.

मला एक कागद ठाऊक होता. चौकच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर ठाकरांची मोहाची वाडी आहे. तिथला गोमा दरवडा एकदा तो माझ्याकडून वाचून घेण्यासाठी घेऊन आला होता. बांबूच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेला, मोडीतला, काळाभोर झालेला. कुणा जुन्या अंमलदाराने लिहून दिले होते, की उंबराच्या झऱ्यापासून काळ्या खडकापर्यंतचा उतार वाडीच्या लोकांनी कसावा, नाचणी-वरी करावी, कुणी अडथळा करू नये. मोजके, नेटके लिखाण. लिहिणारा माझ्या धंद्यातला आणि माझ्याहून चांगला होता.

गोमाला मी चिंचेखाली बोलावून घेतले. त्याच्याबरोबर त्याची बहीण पदी आणि वाडीची आणखी पाच-सहा माणसे आली. मी त्यांना सांगितले, की तुमच्या झोपडीत हा कागद राहायचा नाही. वाळवी लागेल, उंदीर कुरतडतील, एखाद्या दिवशी जंगलाचा शिपाई हिसकावून नेईल. ग्रंथालयात लोखंडी कपाट आहे. गोमाने विचारले, “तितं त्याला बगाया कोन असतं?” मी म्हणालो, “मोठमोठी विद्वान माणसे.” तो समाधानाने म्हणाला, “मंग बरं. हितं निसतं आमीच.”

मग मी दानपत्र लिहिले. माझ्या आयुष्यातले सर्वांत बिनचूक लिखाण ते असावे. ‘सदरहू कागद ग्रंथालयास कायमचा व बिनशर्त दिला असून त्यावर आमचा अगर आमच्या वालीवारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही; तो आम्ही कोणत्याही सबबीवर परत मागणार नाही.’ हे कलम तिसरे. मी सबंध दानपत्र दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. सर्वांनी माना हलवल्या. अंगठे घेतले, साक्षी घातल्या, तिकीट लावले. मान हलवणे म्हणजे समजले, असे मी एकवीस वर्षे धरून चाललो होतो. मान हलवणे म्हणजे ‘लवकर आटपा, ऊन चढलंय’ असेही असू शकते, हे माझ्या कायद्यात कुठे लिहिलेले नव्हते.

आषाढात ग्रंथालयाची पोच आली. भाद्रपदात छापील यादी आली. माझे नाव होते. मी ती यादी ओसरीवर अशी ठेवली, की येणाऱ्याने विचारल्याशिवाय राहू नये.

आणि मग कार्तिक आला. त्या कार्तिकाच्या ज्या गोष्टी मला आठवतात त्या कुठल्याही क्रमाने आठवत नाहीत. वालाच्या पेरणीसाठी नांगरलेल्या खाचरांतली काळी ढेकळे. सागाच्या मोठ्या पानांवरून ठिबकणारे दव, ज्याच्या आवाजाने मी पाऊस समजून दोनदा छत्री उघडली. उतारांवर उभी, मुठी आवळलेल्या हातासारखी नाचणीची कणसे. आणि त्या सगळ्यांत, सकाळी आठच्या सुमारास, माझ्या अंगणात उभा असलेला गोमा. खांद्यावर घोंगडी, हातात रिकामे नळकांडे.

“वकील, कागुद न्याया आलूय.”

“मी वकील नाही. कोणता कागद?”

“आमचा.”

“तो आता तुमचा नाही, गोमा. तू अंगठा दिलास.”

“आंगठा दिला ना. कागुद ठेवाया दिला. आता नवं आलंय, तर त्याला दाखवाया पायजे. दाखवला का परत धाडू.”

“ठेवायला नव्हे रे. कायमचा दिला.”

त्याने रिकामे नळकांडे माझ्यापुढे केले. “कायमचा तर कायमचा,” तो म्हणाला. “पन आज द्या.”

मी संतापलो. त्याच्यावर नव्हे, त्याच्यावर संतापण्यासारखे त्याने काहीच केले नव्हते. मी कलम तिसरे तोंडपाठ म्हणून दाखवले. तो ऐकत राहिला आणि सवयीप्रमाणे मान हलवू लागला. ती हलणारी मान पाहिली आणि मला चैत्रातल्या सगळ्या माना आठवल्या. घरातून आवाज आला, “अहो, त्याला चहा तरी विचारा. कलमं काय, दुपारी पण म्हणता येतील.”

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. चौकपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. खळे शेणाने सारवलेले होते आणि त्यावर झोडून, पाखडून ठेवलेली नाचणीची रास होती. तांबडी, बारीक, हात घालावासा वाटणारी. तिच्यावर फडके टाकलेले होते. फडक्यावर कुणाच्या बोटाचा ठसादेखील नव्हता. शेजारच्या चुलीवर कडूकंद शिजत होता. हा कंद राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मग खातात, आणि तो जुने धान्य संपल्यावरचा घास आहे. जुने धान्य अश्विनातच संपले होते. नवे समोर होते. मधल्या जागेत सबंध वाडी बसलेली होती.

पदीने पळसाच्या पानावर कंदाचा तुकडा ठेवून माझ्यापुढे केला. “खा, वकील.”

मी खाल्ला. तोंडभर कडू झाले.

“कडू लागतो व्हय? तुमचा कागुद आमाला असाच लागलाय.” बायका हसल्या. तिने राशीकडे हात केला. “आनि ती बगा रास. ती डोळ्यांनी खायाची.”

मग मला कळले, की दरवर्षी नवे धान्य आले म्हणजे नळकांडे आढ्यावरून उतरवतात. कागद बाहेर काढून निखाऱ्यावर राळ टाकतात, त्याला त्या धुरावर धरतात आणि नाचणीचे पहिले कणीस दाखवतात. त्यानंतर दळण, त्यानंतर भाकरी. त्याआधी त्या राशीतला दाणा कुणी तोंडात टाकीत नाही. हे त्यांनी चैत्रात मला सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. कागद किती हातांचा, किती ओळींचा, कुणाच्या ताब्यात, हे सारे मी विचारले होते. तुम्ही याचे करता काय, एवढे मात्र विचारले नाही.

मी युक्तिवाद केला. तो माझा स्वभाव आहे. म्हणालो, “गोमा, एक वर्ष तसेच खाल्ले तर काय होईल?”

“काय व्हनार? कुनी मारनार नाय.”

“मग खा.”

“खातो की. पन मंग कुनाचं खाल्लं?” त्याने उताराकडे बोट दाखवले. “डोंगर काय आमचा हाय? कागदानं सांगितलं, तितं पेरा. आमी पेरलं. आता त्याला इचारल्याबिगर खाल्लं तर ती चोरी.”

कायद्याच्या पुस्तकांतून मी जे आयुष्यभर शिकलो आणि कचेरीत साहेबलोकांना समजावून थकलो, की आधी हक्क दाखवावा आणि मग उपभोग घ्यावा, ते ही माणसे कुणीही न सांगता, पिढ्यानपिढ्या, कंद खाऊन पाळत होती. आणि त्यांचा हक्क दाखवण्याचे साधन मी तिकीट लावून टपालाने रवाना केले होते. खाली उतरताना पायवाटेवरच्या कुसळ्या धोतराला चिकटत होत्या. त्या काढण्यासाठी मी एकदाही थांबलो नाही.

पहिले पत्र चार पानी होते. त्यात मी सबंध हकीगत लिहिली आणि कागद आठ दिवसांसाठी परत मागितला. उत्तर लवकर आले. ‘ग्रंथालयातील हस्तलिखिते बाहेर देण्यात येत नाहीत. सोबत दानपत्राची नक्कल जोडली आहे. कलम तिसरे पाहावे. आपला, मोकाशी.’ नक्कल कुणी तरी फार निगुतीने केली होती; माझ्या अक्षराची वळणेसुद्धा उतरवली होती. मला माझ्याच हाताने नकार मिळाला होता. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे होईना. मी तीन तास त्या दानपत्रात फट शोधीत बसलो होतो, आणि फट राहू नये म्हणून चैत्रात मीच तीन तास बसलो होतो.

दुसरे पत्र रागाचे होते. तिसऱ्यात मी ग्रंथालयाच्या हेतूबद्दल काही शब्द वापरले, ते इथे देत नाही; मोकाशींनी ते वाचले आणि फाईलला लावले, एवढे पुरे. त्यांनी मात्र एक चांगले केले. उत्तराबरोबर त्या कागदाची नक्कल पाठवली. त्यांच्या मोडीच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी बोरूने काढलेली, जुन्या कागदाचा रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. शिक्क्याच्या जागी शिक्का, डागाच्या जागी डाग. मी हरखलो. तीच घेऊन वर गेलो.

गोमाने ती उलगडली, सुलटी-उलटी पाहिली. मग नाकाला लावली.

“ह्याला वास नाय,” तो म्हणाला आणि घडी घालून माझ्या हातात परत दिली.

पदीनेही पाहिली. “दिसाया तोच हाय,” ती म्हणाली. “पन नवरदेव ऱ्हायला तिकडं आनि मुंडावळ्या धाडल्या.”

त्या दिवशी रास तशीच होती. फडक्यावर दवाचा ओला पट्टा आला होता, आणि दोन बायका ते बदलून कोरडे घालीत होत्या. इतक्या जपणुकीने कुणी आपल्या उपासाची काळजी घेतलेली मी पाहिली नाही.

चौथे पत्र मी रागावल्याशिवाय लिहिले. अशी पत्रे मला जड जातात. त्यात एकच प्रश्न होता. कागद बाहेर जाऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. परंतु बाहेरचे धान्य आत येण्यास आपल्या नियमांची हरकत आहे काय?

उत्तर एका कार्डावर आले. ‘खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे. संग्रहासाठी वस्तू स्वीकारण्यास मनाई नाही. शनिवारी यावे. मो.’

गाडीत गोमा खिडकीशी बसला आणि पदी खाली, पाटी मांडीत घेऊन. पाटीत नाचणीच्या कणसांची पेंढी आणि पानात बांधलेली राळ. दोघांनीही सकाळपासून काही खाल्लेले नव्हते. मीही खाल्ले नव्हते. तसे करण्याचे मी ठरवले नव्हते. घरातून दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या उघडवल्या नाहीत.

ग्रंथालयाच्या दाराशी शिपायाने पाटीवर बोट ठेवले. “ही बाहेर.” मी माझे पत्र, त्यांचे पत्र आणि कार्ड असा पुरावा काढू लागलो. तेवढ्यात आतून एक किडकिडीत गृहस्थ आले. कफांवर शाईचे डाग, कानावर पेन्सिल, काखेत नोंदवही. हेच मोकाशी. ज्यांना मी तिसऱ्या पत्रात ते शब्द लिहिले होते, ते हेच. त्यांनी मला नमस्कार केला, उभ्या उभ्याच वही उघडली आणि लिहिले, मोठ्याने वाचत : ‘नाचणीची कणसे, पेंढी एक. मोहाची वाडी. देणार : गोमा दरवडा व पदी.’ मग शिपायाला म्हणाले, “ही आता ग्रंथालयाची वस्तू आहे. ग्रंथालयाची वस्तू ग्रंथालयाबाहेर कशी ठेवता येईल?”

मला त्या क्षणी त्या माणसाचा हेवा वाटला. नियम मलाही पाठ होते. ते दार उघडण्यासाठी वापरण्याचे मला सुचले नव्हते.

आत लांब मेजांवर विद्यार्थी वाकून बसले होते. एका खोलीत मोडी पोथ्यांच्या नकला चालल्या होत्या. बोरूंची कुरकुर सुगीतल्या किड्यांसारखी एकसारखी येत होती. भिंतीवर तो नकाशा होता, पत्रकात म्हटलेला. नद्या निळ्या, घाट तपकिरी, जिथून कागद मिळाला तिथे लाल ठिपका. चौक होते. मोहाची वाडी नव्हती. मोकाशींनी गोमाला विचारले, “तुमची वाडी कुठे येईल?” गोमाने नकाशाला हात लावून पाहिला.

“ह्यो असा उभा का?” तो म्हणाला. “डोंगर काय भिंतीला टांगत्यात?”

मोकाशींनी दोन विद्यार्थ्यांकडून नकाशा उतरवून जमिनीवर अंथरला. गोमाने सूर्य कुठून उगवतो ते विचारले, नकाशा अर्धा फिरवून घेतला, पाण्याच्या निळ्या रेघेवरून बोट चालवीत वर गेला आणि थांबला. “हितं झरा. हितं खडक.” मग बोटाचे टोक उचलून किंचित डावीकडे ठेवले. “आनि हितं आमी भुके बसलोय.” विद्यार्थी हसले आणि मग हसायचे थांबले. त्या जागी लाल ठिपका पडला. तो आजही आहे. थोडा मोठा पडला आहे.

बांधणीची खोली मागच्या अंगणात होती. तिथले बांधणीकार उस्मानभाई, पांढऱ्या दाढीचे, हातांना सरसाचा वास. मूळचे चौकचे, त्यांचे भाऊबंद अजून तिथे दुकान चालवतात. त्यांनी कागदाची फाईल आणून लाकडी फळीवर ठेवली आणि गोमाला विचारले, “काय रं, कुठल्या आढ्याला टांगत होतास ह्याला?”

“चुलीच्या वर.”

“वाटलंच.” त्यांनी कागद उजेडासमोर धरला. “सायेब, बगा. ह्या खोलीत येनारी चार पानं घ्या, तीन पानांची किड्यांनी जाळी केलेली असती. ह्याला एक भोक नाय. वरसावरसाला राळेचा धूर दिलाय आनि चुलीचा रोजचा. आमी हितं पत्र्याच्या पेटीत घालून जे करतो तेच ह्यांनी घरी केलंय, आनि आमच्यापेक्षा बरं.”

वाळवी लागेल, असे मी चैत्रात सांगितले होते. गोमाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने पाहिले असते तर बरे झाले असते.

इमारतीत विस्तव आणायला बंदी होती. बांधणीच्या अंगणात मात्र जुन्या कागदांना धुरी देण्यासाठी पत्र्याची पेटी होती, आत तारेच्या जाळ्यांचे कप्पे, खाली निखाऱ्याची शेगडी. मोकाशींनी वहीत नोंद केली : ‘हस्तलिखित, धुरीसाठी.’ त्यांच्या दृष्टीने एवढेच घडत होते. उस्मानभाईंनी गोमाची राळ हुंगली, आपली पुडी बाजूला सारली आणि म्हणाले, “हीच टाकतो. त्याला सवयीची हाय.”

धूर वर आला. पदीने पेंढी पेटीच्या उघड्या दाराशी धरली. गोमाने टोपी काढली. मी काही तरी लांबलचक मंत्राची, निदान गाऱ्हाण्याची अपेक्षा करीत होतो. तो एवढेच म्हणाला, “बाबा, नवं आलंय. बग. बेस आलंय औंदा.” आणि थोडा थांबून, शेजारी राहायला गेलेल्या माणसाला विचारावे तसे, “हितं बरं हाय ना?”

उत्तर उस्मानभाईंनी दिले. “बरं हाय. मी हाय ना हितं. मी बी त्याच डोंगराखालचा.”

कणसांतले एक गोमाने चुरगाळून दाणे फुंकले आणि तळहातावर घेतले. खाल्ले नाहीत, फडक्यात बांधले. पेंढी मोकाशींनी काचेच्या बरणीत ठेवली. त्यावर चिठ्ठी लावली. छापील यादीच्या पुढच्या आवृत्तीत त्या कागदाच्या नोंदीखाली ती बरणीही आहे. मी ती नोंद दोष काढण्यासाठी वाचली. दोष नाही.

परतताना कर्जतला उतरल्यावर गोमा म्हणाला, “नळकांडं रिकामं टांगाया बरं नाय. त्यात तुमी कायतरी लिवून द्या. कागुद कुटं गेला ते लिवा. म्होरल्यांना म्हाईत पायजे.”

मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. चुली सकाळीच पेटल्या होत्या. धूर उताराला धरून खाली येत होता आणि त्यात पहिल्या भाकऱ्यांचा वास होता. जात्यांचा आवाज मला झऱ्यापासूनच ऐकू आला. पदीने तव्यावरची भाकरी मोडून माझ्या हातात ठेवली. जीभ भाजली. त्यानंतर सारवलेल्या भुईवर बसून मी लिहिले. लिहिले ते असे :

‘मोहाच्या वाडीचा कागद शहरात विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तो वाडीने ठेवायला दिला आहे. वाडी त्याचे काय करते, हे लिहिणाऱ्याने विचारले नाही. ही चूक लिहिणाऱ्याची आहे, वाडीची नाही. नवे आले की कागदाला दाखवावे. तिथे उस्मानभाई आहेत.’

वाचून दाखवले. या वेळी कुणी मान हलवली नाही. पदी म्हणाली, “परत वाचा.” मी परत वाचले. गोमाने कागद नळकांड्यात घातला. अर्धा डोंगर उतरल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी त्यावर सही केली नव्हती. तारीख नाही, साक्ष नाही, तिकीट नाही. कायद्याच्या दृष्टीने तो कागद शून्य. वर परत जाण्यासाठी मी वळलो, आणि पोट भरलेले असल्यामुळे चढवेना. पुढच्या वेळी करू, असे मी ठरवले.

त्यानंतर दरवर्षी कार्तिकात मी पत्र लिहिले : ‘सदरहू हस्तलिखितास धुरी देण्याची तजवीज व्हावी.’ दरवर्षी कार्डावर उत्तर आले : ‘शेगडी तयार आहे. मो.’ माझ्या सबंध पत्रव्यवहारात नियमानुसार हा शब्द नसलेली सरकारी छापाची उत्तरे एवढीच. गोमा आणि पदी पेंढी घेऊन जात, दुसऱ्या दिवशी चुली पेटत. आणि दरवर्षी सही राहून जाई. माझे गुडघे, पाहुणे, ताप. सबबी मला चांगल्या येतात.

या वर्षी गोमा पत्र लिहिण्याच्या आधीच आला. “यंदा जायाचं नाय.”

“का? परवानगी मिळेल. मी आजच लिहितो.”

“नगं. म्हातारा तितं सुखात हाय. बगून आलो की सात वरसं. हितल्यालाच दाखवू.”

“हितला कोण?”

तो हसला. “चला वर.”

मी वर गेलो. थांबत थांबत, पण गेलो. खळ्यावर रास होती, फडके होते, चुलीत निखारे होते. गोमाने आढ्यावरून नळकांडे उतरवले आणि कागद बाहेर काढला. माझा कागद. मी ओळखला नाही. साधा पांढरा फुलस्केप होता तो; आता कडा तांबूस, मध्ये मधाच्या रंगाचा, वरच्या कोपऱ्यात कुंकवाचे बोट. चुलीवर टांगून, दरवर्षी धूर देऊन त्यांनी त्याला सात वर्षांत म्हातारा केला होता. मोरीची अकरा पत्रे कुठल्या कपाटात कुजली असतील, मला ठाऊक नाही. माझ्या हातचा जपून ठेवलेला कागद जगात हा एकच, आणि त्यावर माझी सही नव्हती.

मी खिशातून फाऊंटनपेन काढले, टोपण उघडले. “गोमा, एक राहिले आहे. सही करून देतो. त्याशिवाय याला काही अर्थ नाही.”

त्याने कागद मागे घेतला. रागाने नव्हे, गरम भांड्याजवळून एखाद्याचा हात बाजूला करावा तसा. मग तो नाकाशी नेला, आणि माझ्या नाकाशी आणला.

“वास लागलाय त्याला,” तो म्हणाला. “आता तो तुमचा नाय.”

मी काही बोलणार होतो. कलमे मला अजून पाठ आहेत. चुलीपाशी बसलेल्या पदीने निखाऱ्यावर राळ टाकली आणि वर न बघता म्हणाली, “वकील, मान हलवा.”

मी मान हलवली.